अमूर्त चित्र : ‘हे काय काढलंय?’ या प्रश्नाला घाबरायचे कशाला?

कबनूरसारख्या गावात कुणी पहिल्यांदाच अमूर्त चित्र काढून घरात दाखवले, की पहिला प्रश्न ठरलेला : ‘हे काय काढलंय?’ उत्तर सुचत नाही आणि कागद गुंडाळून कपाटावर जातो. दोष बहुतेक वेळा चित्रात नसतो, ते मोजणाऱ्या फूटपट्टीत असतो.

अडचण कुठे?

कोल्हापूरला आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या वास्तववादी चित्रांचा वारसा आहे. तिथे कसोटी सोपी : चेहरा ओळखू आला, चित्र जमले. अमूर्त चित्रात जुळवून पाहायला समोर काही नसते. मग नवशिका दुसऱ्यांच्या ‘छान’वर अवलंबून राहतो आणि ते मिळाले नाही की खचतो.

नजर घरचीच

कबनूर-इचलकरंजी हा यंत्रमागांचा पट्टा. चौकटीच्या कापडाचा ‘अर्थ’ इथे कुणी विचारत नाही. पट्टी किती रुंद, गडद रंग कुठे, ताणा-बाण्याचे रंग एकमेकांना शोभतात का, हे नजर लगेच सांगते. अमूर्त चित्राला हीच नजर लागते. चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ पासून सुमारे दोन दशके विणकर सेवा केंद्रात काम करत होते. चित्राच्या घडणीविषयीचे त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीतच आहे.

म्हणजे काहीही फासायचे?

नाही. वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसे दिसतात. पुढे काही वर्षांत ती हळूहळू गेली. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवत ते वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण करत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. म्हणून रेखाटनाचा सराव सोडू नये; पण तो पूर्ण होईपर्यंत अमूर्ताला हातच लावू नये, हेही पटणारे नाही. दोन्ही सोबत चालू शकते.

सुरुवात अशी करता येईल

• दोन रंग आणि पांढरा, एवढेच घ्यावे.
• पोस्टकार्डाएवढ्या दहा कागदांवर एकच प्रश्न सोडवावा. उदाहरणार्थ, गडद निळा एका कडेला ठेवला तर तोल कसा साधायचा?
• कागदामागे तारीख टाकावी. दुसऱ्या दिवशी चित्र उलटे धरून पाहावे.
• दहांतले दोन निवडावेत आणि तेच का, हे एका वाक्यात लिहावे.

आत्मविश्वास या एका वाक्यातून येतो. आपण काय शोधत होतो हे माहीत असले, की कौतुकाची वाट पाहावी लागत नाही. मग पुन्हा कुणी विचारले, ‘हे काय काढलंय?’, तर ‘एवढ्या निळ्याला थोडासा पिवळा पेलतो का, ते बघत होतो’ हे उत्तर पुरेसे आहे. पेलला नसेल, तर दुसरा कागद आहेच.