बाळंतपण कुठे, हे ठरवते कोण?

धडगावच्या डोंगरपाड्यांवर काम करताना एक गोष्ट ध्यानात येते. घरी की दवाखान्यात, हे बाईला कुणी विचारतच नाही. सासू ठरवते, नवरा ठरवतो, पावसाळ्यात भरलेला नाला ठरवतो.

मी स्वतः दवाखान्याच्या बाजूची आहे. बाळंतपणानंतर अंगावरून फार रक्त गेले तर दोन तासांतही बाई दगावू शकते. त्या वेळी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन लागते, कधी रक्त लागते. कितीही जाणत्या सुईणीपाशी ते नसते. पण म्हणून दवाखाना टाळणारीला अडाणी म्हणायचे का? सुईण तिला उकिडवे बसू देते, पेज पाजते, कंबर चोळते. दवाखान्यात बहुतेक वेळा उताणे झोपवतात, सोबतच्या बाईला बाहेर काढतात, आणि ओरडली तर जे ऐकून घ्यावे लागते ते इथे छापण्याजोगे नाही. खासगीची तऱ्हा आणखी निराळी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात खासगी दवाखान्यांत 47 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत 14 टक्के.

सोबतीण हवी, बाईला सोयीचे वाटेल तसे बसू द्यावे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये सांगितले. त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रशिक्षित मिडवाइफ नर्सबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या तालुक्यात ती नर्स कधी येणार, आणि तोवर सुईणीला सोबतीण म्हणून आत घेणार की नाही, हे मैत्रिणींनो, आपण पावसाळ्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे गटाने जाऊन विचारू या.