चित्रातला देह आणि पाहणाऱ्याची दृष्टी

यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात हनुमानाच्या मुखवट्याशेजारी आता स्पायडरमॅनचाही मुखवटा टांगलेला असतो. हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावीही मुलांच्या दप्तरांवर आणि कंपासपेट्यांवर हे परदेशी महानायक येऊन बसले आहेत. त्यांच्या चित्रकथा मोबाइलच्या पडद्यावर सहज उघडतात. महानायकांच्या मागोमाग महानायिकाही घरात आल्या, आणि त्यांची चित्रे पाहून अनेक आईवडील अवघडतात. पुस्तक काढून घ्यावे, की मूल निदान वाचते तरी आहे यात समाधान मानावे? हा प्रश्न शांतपणे विचारात घेण्याजोगा आहे.

आपल्याकडे चित्रकथांचा नायक नवा नाही. १९६४ ते १९९० या काळात मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळाला घरोघरी पोचवले. वेताळाचा अंगाला चिकटलेला पोशाख त्याचे बळ दाखवण्यासाठी होता. त्याची डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारी, पाण्यात सूर मारण्यात निपुण अशी स्त्री होती. तरीही कथेत तिच्या वाट्याला पुष्कळदा संकटात सापडणे आणि सुटकेची वाट पाहणे एवढेच येई. म्हणजे चित्रातल्या स्त्रीला कथेत काय काम दिले आहे, हा प्रश्न तिच्या वस्त्रांच्या प्रश्नाइतकाच जुना आहे.

अमेरिकेत या वादाने मोठे रूप घेतले. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये वंडर वुमन निर्माण केली, ती मुलींनाही सामर्थ्याचा आदर्श मिळावा म्हणून. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथा मुलांना बिघडवतात असा आरोप करणारा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली. स्त्रियांचे चित्रण वास्तवाला धरून असावे, त्यांच्या शरीराची अतिशयोक्ती करू नये, असा नियम तीत होता. पुढे ती संहिता सैल होत गेली आणि २०११ मध्ये उरलेल्या प्रकाशकांनीही ती सोडली. नियमाने रेषेला काही काळ वेसण घातली. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र बदलली नाही.

या चित्रांचे समर्थक म्हणतात, ‘महानायकांचे जग मुळातच काल्पनिक, तिथे वास्तव कशाला शोधता? पुरुषांचे दंडही अवास्तवच असतात.’ हा मुद्दा वरवर पटतो, पण पुरता टिकत नाही. पुरुषाचा देह फुगवला जातो तो तो काय करू शकतो हे सांगण्यासाठी. स्त्रीचा देह वळवला जातो तो ती कशी दिसते हे दाखवण्यासाठी. २०१२ मध्ये काही चित्रकारांनी हा भेद हसतहसत उघड केला. हॉकआय या धनुर्धर नायकाला त्यांनी नायिकांच्या ढंगात रेखाटले: कंबर पिळवटलेली, छाती आणि पाठीमागचा भाग एकाच वेळी वाचकाकडे वळवलेला. जो पवित्रा स्त्रीच्या चित्रात कोणाला खटकत नव्हता, तो पुरुषाच्या अंगी येताच हास्यास्पद ठरला. अशा स्थितीत उभा राहून कोणी बाण सोडू शकेल का?

आता वेरूळकडे पाहावे. तिथल्या इंद्रसभा नावाच्या ३२ व्या लेण्यात भगवान बाहुबलींची मूर्ती दिगंबर आहे, अंगावर वेली चढलेल्या आहेत. वस्त्र नाही, तरी पाहणाऱ्याच्या मनात विकार उठत नाही. तो स्तब्ध होतो. त्याच लेण्यात आम्रवृक्षाखाली यक्षी अंबिका बसली आहे. तिचा देह भरलेला आहे, आणि शिल्पकाराने तो वास्तवाच्या मोजपट्टीने घडवलेला नाही. पण तिचे आसन स्थिर आहे. ती आपल्या ठायी आहे. कोणी पाहावे म्हणून ती बसलेली नाही. वस्त्र किती आणि प्रमाण किती खरे, या दोन्ही कसोट्या इथे अपुऱ्या पडतात. खरी कसोटी ही, की त्या देहात एक व्यक्ती वसते की नाही.

हा वाद केवळ मुलांच्या पुस्तकांपुरता उरला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने वंडर वुमनला स्त्रिया व मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमले. खुद्द तिथल्या कर्मचाऱ्यांनीच तिच्या अशक्यप्राय देहाला आणि तोकड्या पोशाखाला विरोध केला, आणि डिसेंबरमध्ये तो उपक्रम संपला. मुलींना सामर्थ्य देण्यासाठी जन्मलेल्या नायिकेची ही गत तिच्यातल्या सामर्थ्यामुळे झाली नाही. पंचाहत्तर वर्षांत तिला पाहण्याची जी सवय जडली, तिच्यामुळे झाली.

दोष परक्यांचाच आहे असे मात्र मानू नये. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी अमर चित्रकथेसाठी चित्रे काढली आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सच्या नागराजालाही रूप दिले. रेखाटनातले त्यांचे प्रभुत्व निर्विवाद आहे. तरीही आपल्या पौराणिक चित्रकथांमधल्या स्त्रिया बहुधा गोऱ्या, सिंहकटी आणि एकाच साच्यातल्या का, हेही मुलांशी बोलताना विचारले पाहिजे. त्या साच्यात न बसणारी सावळी, स्थूल किंवा उंच मुलगी आपल्याच घरात वाढत असते. आरशासमोर तिच्या मनात जे येते, त्यात या चित्रांचाही वाटा असतो.

म्हणून पुस्तक हिसकावण्याआधी मुलांशेजारी बसावे. ही नायिका कथेत काय करते? तिच्या जागी नायक असता, तर त्याला असेच उभे केले असते का? तिच्या मनात काय चालले आहे, हे चित्रातून कळते का? इतके विचारले तरी पुरे. अंगभर कपड्यातली, शाळेत जाणारी कमला खान २०१४ पासून स्वतःच्या चित्रकथेत झळकते आहे. तिचे सामर्थ्य मुलांना तिच्या स्वभावातून कळते. त्याच वर्षी आलेल्या ‘प्रियाज शक्ती’त अत्याचार सोसलेली तरुणीच नायिका झाली. अशी पुस्तकेही मुलांच्या हाती द्यावीत.

हे प्रश्न मुलीला विचारावेत, तसेच मुलालाही. किंबहुना मुलाला आधी. डोळ्यांचा संयम डोळे मिटून साधत नाही. समोरच्या देहात माणूस पाहण्याची सवय लहानपणी लागली, तरच तो साधतो.