विश्लेषण : दारूगोळ्याला हात कोणी लावायचा?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना लागणारे सुपा बहुतेकांना ठाऊक आहे ते औद्योगिक वसाहतीमुळे. पण हा रस्ता लष्कराच्या दोन जगांनाही जोडतो. एका टोकाला खडकीचे दारूगोळा कारखाने आणि दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. दुसऱ्या टोकाला अहिल्यानगरचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि खारे कर्जुने येथील के. के. रेंज, म्हणजे रणगाड्यांच्या गोळीबाराचे सराव क्षेत्र. सुपा ज्या पारनेर तालुक्यात येते, तिथल्या गावांना ही रेंज माहीत आहे ती जमिनींच्या संपादनाच्या टांगत्या तलवारीमुळे. रेंजलगतच्या वस्त्यांना ती आणखी एका कारणाने माहीत आहे. न फुटलेले गोळे भंगारासाठी उचलताना वा फोडताना तिथे माणसे मेली आहेत. गोळा तोफेत भरणारा जवान प्रशिक्षित असतो; तोच गोळा न फुटता पडला, की त्याला हात लावणाऱ्याकडे कसलेही प्रशिक्षण नसते. स्फोटके हाताळण्याची पात्रता कोण ठरवते, आणि ती कुठे संपते, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पात्रता आणि प्रमाणन यांत फरक काय?

पात्रता म्हणजे माणसाला काम येते. प्रमाणन म्हणजे ते काम करण्याची परवानगी त्याला जबाबदार अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने दिलेली आहे. बोलताना दोन्ही एकच वाटतात, तसे ते नाहीत. अमेरिकी नौदलाने हा भेद सर्वांत काटेकोरपणे लेखी केला आहे. तिथे ‘स्फोटके हाताळण्यास पात्र’ असे सरसकट प्रमाणपत्र मिळत नाही. कोणत्या प्रकारचा दारूगोळा आणि त्याचे कोणते काम (साठवण, चढ-उतार, तपासणी की जुळणी), हे प्रत्येक वेळी नमूद करावे लागते. शिवाय पातळ्या वेगळ्या. केवळ पथकातील सदस्य असलेला एकटा काम करू शकत नाही. एकट्याने काम करणारा, पथकप्रमुख, गुणवत्ता तपासणारा, सुरक्षा निरीक्षक आणि प्रशिक्षक हे सगळे निराळे. वर्षभराने प्रमाणन पुन्हा घ्यावे लागते. मागच्या वर्षी येत होते म्हणून या वर्षी येते, असे गृहीत धरले जात नाही.

एवढी कडक शिस्त हौसेने आलेली नाही. २९ जुलै १९६७ रोजी व्हिएतनामजवळ ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर एक रॉकेट चुकून सुटले. आग लागली आणि जुने, उष्णतेला लवकर दाद देणारे बॉम्ब दीड-दोन मिनिटांतच फुटू लागले. आग विझवण्याचे खास प्रशिक्षण असलेले पथक पहिल्याच स्फोटांत जवळपास नाहीसे झाले. मग पुढे आले ते बाकीचे खलाशी. शौर्यात कमी नव्हते, पण एका गटाने फेस मारावा आणि दुसऱ्याने पाणी मारून तो धुऊन टाकावा, असे झाले. १३४ जण मृत्युमुखी पडले.

भारतात हे कोण शिकवते?

एकाच छताखाली नाही. साठवण, तपासणी आणि जुना दारूगोळा नष्ट करणे हे आर्मी ऑर्डनन्स कोअरचे काम. त्यातील तांत्रिक अधिकारी आणि तंत्रज्ञ जबलपूरच्या कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटमध्ये तयार होतात. सुरुंग पेरणे, काढणे, पूल उडवणे हे इंजिनीअर्सचे. ते दापोडीत शिकवले जाते. तोफखान्याचे प्रशिक्षण नाशिकजवळ देवळालीला, रणगाड्यांच्या तोफांचे अहिल्यानगरला. स्फोटके किती अंतरावर, कशासोबत ठेवावीत वा ठेवू नयेत, याचे नियम संरक्षण मंत्रालयाची ‘स्टेक’ ही समिती ठरवते. म्हणजे या साखळीतील बहुतेक कड्या महाराष्ट्रात आहेत आणि त्या कामाला येतात, हे मान्य करायला हवे. अडचण कड्यांची नाही, त्यांच्यामधल्या जागेची आहे.

नागरी बाजूला चित्र निराळे. पारनेर-श्रीगोंद्याच्या खडकाळ रानात विहीर खोदायची तर जिलेटीन लागते आणि सुरुंग उडवणाऱ्याकडे २००८ च्या स्फोटके नियमांखालील परवाना असावा लागतो. ही यंत्रणा नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’कडे आहे. १८८४ चा स्फोटके कायदा मात्र सशस्त्र दलांना बहुतांशी लागू होत नाही; त्यांचे नियम त्यांचे स्वतःचे. युद्धाच्या गरजा पाहता ते समजण्यासारखे आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की लष्कराच्या आवारात बाहेरचा माणूस कामाला आला, तर त्याची पात्रता नेमकी कोणी तपासायची हे धूसर होते. विहिरीवरच्या सुरुंगवाल्याला परवाना विचारणारे कोणीतरी असते, निदान कागदावर.

पुलगावने काय दाखवले?

वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागून मोठा स्फोट झाला. दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक जण गेले. त्यांत आग विझवायला धावलेले अनेक होते. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याची बाब नंतर चर्चेत आली. इथे माणसे प्रशिक्षित होती. वस्तूच बिघडली होती.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर, पेट्या उतरवताना स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. दारूगोळा जबलपूरच्या खमरिया कारखान्यातून आलेला. मृतांत त्या कारखान्याचा कर्मचारी होता आणि कंत्राटदाराने आणलेले आसपासच्या गावांतील मजूर होते. स्फोट घडवून आणणारा तज्ज्ञ प्रशिक्षित असणारच. पण पेटी ट्रकमधून काढून खड्ड्यापर्यंत नेणारा? प्रमाणनाच्या भाषेत ती ‘चढ-उतार’ आहे आणि तिला स्वतंत्र पात्रता लागते. कंत्राटाच्या भाषेत ती हमाली आहे आणि तिला रोजंदारी लागते. जुना दारूगोळा नव्यापेक्षा लहरी असतो, हे मैदानावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत असते. तरीही सर्वांत लहरी मालाजवळ सर्वांत कमी शिकलेला माणूस उभा केला गेला, हे ढळढळीत आहे.

अग्निवीरांबाबतचा प्रश्न योग्य आहे का?

१० ऑक्टोबर २०२४ रोजी नाशिकच्या तोफखाना केंद्रात सरावादरम्यान गोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला. त्यानंतर चार वर्षांच्या सेवेवर टीका झाली. अपुरे प्रशिक्षण हेच या दुर्घटनेचे कारण, असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. सदोष गोळा अनुभवी हातांतही फुटतो. मात्र एक गणित नाकारता येत नाही. पथकातील सदस्य ते पथकप्रमुख हा प्रवास अभ्यासक्रमाने होत नाही, देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम करून होतो. चारपैकी तीन जण चार वर्षांनी घरी जाणार असतील, तर ज्यांनी देखरेख करायची त्या हवालदार-नायकांची संख्या पुढे कुठून येणार, याचे उत्तर लष्कराला आजच आखून ठेवावे लागेल.

प्रमाणपत्र पुरेसे असते का?

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गाठी होत्या. आग दिसल्यावर दारूगोळ्याचे ज्ञान असलेला लष्करी अधिकारी जहाजावर पोहोचला आणि सगळी गोदी उडू शकते, हे त्याने सांगितले. जहाज बुडवायचे की बाहेर न्यायचे, हा निर्णय मात्र कोणाच्याच हातात नव्हता. चर्चा चालू असताना चारनंतर लगेच पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठी. ज्याला कळते त्याला काम थांबवण्याचा अधिकारही हवा. अमेरिकी पद्धतीतील सुरक्षा निरीक्षक हे पद त्याचसाठी आहे. तो स्वतः पेटी उचलत नाही.

खारे कर्जुन्यात काय करता येईल?

१९३८ च्या गोळीबार सरावविषयक कायद्यात सरावाची आगाऊ सूचना आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. न फुटलेला गोळा जागेवरच नष्ट करणे हे लष्कराचे काम आहे आणि ते केलेही जाते. पण रणगाड्याचा गोळा मातीत खोल जातो, पावसाळ्यात वर येतो आणि पितळ-तांब्याचा भाव गावात सर्वांना ठाऊक असतो. रेंजमध्ये शिरणे बेकायदा आहे, एवढे सांगून भागलेले नाही. कोणत्या पथकाने, कोणत्या तारखेला, कोणता पट्टा तपासला आणि किती गोळे नष्ट केले, याची सही केलेली नोंद सरावानंतर लगतच्या ग्रामपंचायतींना देता येईल. भंगार खरेदी करणाऱ्या दुकानांवर पोलिसांची तपासणी हा दुसरा, अधिक कटकटीचा उपाय. त्यात अहिल्यानगर शहर येते आणि महामार्गावरची सुप्यासारखी गावेही.