उंबरठ्यावरची हरकत

घरातील मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की त्याच्या आणि आईबापांच्या दरम्यान जो पहिला गंभीर वाद उपस्थित होतो, तो पुष्कळदा अभ्यासाविषयी किंवा संगतीविषयी नसून अंगावरच्या कपड्यांविषयी असतो. आणि तो क्षुल्लक समजून एका वाक्यात निकालात काढण्याची जी रीत पडली आहे ती मला घातक वाटते. कारण स्वतःच्या अभिरुचीने काही निवडून ते चारचौघांत मिरवण्याचा मुलाचा तो पहिलाच प्रसंग असतो, आणि त्या निवडीला घरात जे उत्तर मिळते त्यावरून पुढच्या अधिक मोठ्या निवडी घरी बोलून दाखवाव्यात की लपवून ठेवाव्यात, याचा निर्णय ते मनोमन करीत असते.

आज ज्यांची मुले या वयात आहेत त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला असा प्रसंग आलाच नव्हता. दिवाळीच्या आधी वडील कापडाचा तागा घेऊन येत आणि त्यातच थोरल्याचा सदरा, धाकट्याचा सदरा आणि उरलेल्या कापडात बहिणीचा फ्रॉक बसवला जाई. शिंपी माप घेऊ लागला की "वाढत्या अंगाचं शिवा" अशी सूचना होई, शिवणीत दोन बोटे माया सोडली जाई, आणि पुढल्या वर्षी ती उसवून तोच कपडा पुन्हा अंगाला येई. त्या व्यवहारात काटकसर होती, जिव्हाळाही होता. मुलाच्या पसंतीला मात्र त्यात जागा नव्हती. आता कपडा मोबाइलवर निवडला जातो, पुडक्यातून दारात येतो, आणि बापाच्या दृष्टीस तो प्रथम पडतो तो मुलगी तो घालून बाहेर पडत असताना. खरेदीच्या वेळी ज्याला चार शब्द बोलता आले असते त्याला आपली हरकत उंबरठ्यावर नोंदवावी लागते, आणि उंबरठ्यावर नोंदवलेल्या हरकतीला हुकुमाखेरीज दुसरे रूप घेता येत नाही: "आधी ते बदलून ये."

या हुकुमाच्या पाठीशी संस्कृतीचा दाखला उभा केला जातो. तो दाखला आपल्याच प्रांताच्या दफ्तराशी ताडून पाहिला तर टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांनी जाकिटे घालावीत एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्यासाठी आगरकरांसारख्या पुरुषाला निबंध लिहावा लागला. पुढे नऊवारी सोडून गोल पातळ नेसू लागलेल्या सुनांना, कासोटा सुटला म्हणून, कितीतरी घरांत बोलणी खावी लागली. आज तेच गोल पातळ मर्यादेचे प्रमाण म्हणून मुलींपुढे ठेवले जाते. १९३८ साली मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या तेव्हा केवढा गहजब झाला होता, आणि चित्रपट पाहायला केवढी गर्दी लोटली होती! प्रत्येक पिढीने आपल्या तारुण्यातील वेशाला परंपरा मानावे आणि पुढच्या पिढीच्या वेशाला अधःपात, असा हा क्रम आहे.

तरुणांच्या वेशामागे नेहमी छचोरपणाच असतो, हेही खरे नाही. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली ती फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणाऱ्या सावरकरांच्या पुढाकाराने, आणि त्यापायी त्यांना दहा रुपये दंड होऊन वसतिगृह सोडावे लागले. पंचवीस वर्षांनी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा गांधी टोपी घालून रस्त्यावर येणेही धोक्याचे झाले होते. अशा दिवसांत सरकारी नोकरीत असलेल्या एखाद्या बापाला मुलाच्या डोक्यावरची ती पांढरी टोपी पाहून धास्ती वाटली असेल, तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही. त्याची भीती खरी होती, आणि मुख्य म्हणजे ती तिच्या नावानिशी बोलता येण्याजोगी होती: नोकरी जाईल, पोलीस दारात येतील. मुलाला त्याचे उत्तर देता येत होते, वाद घालता येत होता, प्रसंगी घर सोडता येत होते. पण बाप कशाला भितो हे त्याला ठाऊक होते.

आजच्या बापाची भीती कोणती? मुलाच्या बाबतीत ती फार खोल नसते. मुलाने केस रंगवले किंवा कान टोचून घेतला तर चार दिवस कुरबुर होते आणि थांबते; कानात मोत्यांची भिकबाळी मिरवणारे पूर्वज ज्या प्रांतात होऊन गेले तेथे ती थांबावी हेच योग्य. मुलीच्या बाबतीत ती थांबत नाही, कारण तेथे खरी भीती रस्त्यावरच्या परक्या नजरेची असते, आणि ती कबूल करण्याऐवजी बाप संस्कार, घराणे, नातेवाईक यांची नावे पुढे करतो. याचा परिणाम असा होतो की अपराध ज्या नजरेचा आहे ती मोकळी राहते आणि जबाब मुलीकडून घेतला जातो. वास्तविक साडीतील, सलवार-कमीजमधील, शाळेच्या गणवेशातील मुलींनाही बसच्या आणि लोकलच्या गर्दीत काय सोसावे लागते, हे घरातील आईला स्वानुभवाने माहीत असते. तरीही पुष्कळ घरांत तीच आई बापाच्या हुकुमाला दुजोरा देते, याचे मला अतिशय दुःख होते. कपड्यांवरून जिला रोज घरी दोष लागतो, तिच्यावर उद्या खरोखर वाईट प्रसंग आला तर ती तो घरी सांगणार नाही. "असले कपडे घातले म्हणून" हे उत्तर तिने आधीच ऐकून ठेवलेले असते. जिला जपण्यासाठी हा सारा खटाटोप केला, तिच्या संकटाची वार्ता आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपणच अशी बुजवून टाकतो. त्यापेक्षा "मला भीती वाटते" एवढे तीन शब्द बापाने उच्चारले, तर कोणत्या रस्त्याने जाणार, सोबत कोण, परतायला किती वाजतील, यावर दोन समजूतदार माणसांसारखे बोलता येते.

माझ्या परिचयाच्या एका घरी नात्यातल्या साखरपुड्याला निघताना सोळा वर्षांची मुलगी गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून बाहेर आली. बापाने नेहमीचा हुकूम सोडला, मुलीने "का?" म्हणून विचारले, आणि बापाला उत्तर सुचेना. या फाटक्या जीन्सवरून २०२१ मध्ये उत्तराखंडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी संस्कारांचा प्रश्न काढला होता आणि देशभर वादंग माजले होते. येथेही तेच व्हायचे. परंतु त्या घरच्या आजींनी नातीला जवळ बोलावले, गुडघ्यावरचे कापड चिमटीत धरून त्याची वीण निरखली, आणि शांतपणे विचारले, "हे झिजलेलं नाही गं. हे फाडलं कुणी?"

मुलीला ते ठाऊक नव्हते. त्या रात्री तिने मोबाइलवर शोधून काढले आणि दुसऱ्या दिवशी आजीला आणि बाबांना वाचून दाखवले. १८७३ मध्ये अमेरिकेत लीव्हाय स्ट्रॉस हे व्यापारी आणि जेकब डेव्हिस हे शिंपी यांनी ज्या विजारीचे पेटंट घेतले, तिच्या खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबिटी ठोकल्या होत्या त्या कष्टकऱ्यांच्या अंगावर ती फाटू नये म्हणून. आता तीच विजार विकण्यापूर्वी कारखान्यात घासून, खरवडून, कापून जुनी केली जाते. या कामासाठी कापडावर वाळूचा जोरदार मारा करण्याची पद्धत होती. ती बारीक धूळ छातीत जाऊन कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडे, आणि तुर्कस्तानात तरुण कामगार त्याने दगावू लागल्यावर २००९ मध्ये तेथील सरकारने या पद्धतीवर बंदी घातली. हे वाचताना तिचा आवाज बदलला, असे आजी मला म्हणाल्या. गुडघा दिसतो की नाही हा प्रश्न तिने मनावर घेतला नव्हता, हा घेतला.

बोलण्याचा आईबापांना पूर्ण अधिकार आहे, पण तो या जागी आहे: कपडा कसा विणला, किती दिवस टिकेल, कोणाच्या हातांनी आणि कोणत्या किमतीला तयार झाला, घराला किती परवडतो. कपड्यांसाठी वर्षाची जी रक्कम घर देऊ शकते ती जून महिन्यात मुलांच्या स्वाधीन करावी, तिचा जमाखर्च त्यांच्याकडेच ठेवावा, आणि त्या मर्यादेत रंग, घाट व लांबी यांची त्यांना पूर्ण मुभा द्यावी. जेथे विशिष्ट वेश खरोखर आवश्यक असेल तेथे त्याचे कारण प्रसंगाच्या आधी, सवडीने सांगावे. दुःखाच्या घरी भेटीला जाताना भडक पोशाख का टाळावा, हे सोळा वर्षांच्या मुलीला समजावून सांगितले तर समजते.

त्या घरी पुढे अशी बैठक झाली. बापाने तीन गोष्टी मांडल्या: रकमेची मर्यादा, दुःखाच्या घरचा साधा वेश, आणि आजोळच्या गावी जत्रेला जाताना जीन्स नको. पहिल्या दोन मुलीने मान्य केल्या. तिसरीचे कारण तिला पटले नाही, आणि तिच्यावरचा वाद अजून चालू आहे.