दारं धरणाऱ्याला दिवसाची वीज द्या

जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसात कसा आला, हे सांगायला धरणांपासून सुरुवात करावी लागते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी इथली शेती पालटली. डिंभ्याच्या पाण्यात तर मूळ आंबेगावच बुडाले. तालुक्याला नाव उरले आणि कारभार घोडेगावातून चालतो. कालव्यांमागोमाग ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखाने उभे राहिले. शिवारात पाणी आणि वीज पोचल्यावर माणसेही गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस बिबट्याला आडोसा ठरला, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या त्याचे खाद्य. माद्या उसातच पिल्ले देऊ लागल्या.

२००१ मध्ये वनविभागाने बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोठी मोहीम घेतली. तिचा परिणाम वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यासला. जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुपटीने वाढून ३६ टक्के झाले. पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही, हे तेव्हाच कळायला हवे होते.

पिंजऱ्याइतकीच चर्चा विजेच्या वेळापत्रकाची व्हायला हवी. शेतीपंपांना थ्री फेज वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रातपाळी आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन उसात शिरतो. ऑटो स्विच बसवला तर लाइट येताच मोटर आपोआप चालू होते, मोबाइलवरूनही करता येते. पण पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला, म्हणजे दारं धरायला, खोरे घेतलेला माणूसच लागतो. शेतात वाकून किंवा बसून काम करताना सावध राहा, असे वनविभाग सांगतो. दारं धरायचे काम तर वाकूनच होते! म्हणजे मोटर घरातून चालू करण्याची सोय झाली, तरी धोका शेतातच राहिला.

आता काही ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसले आहेत. बिबट्या ओळखला की ते भोंगा वाजवतात. ही यंत्रे हवीतच. मात्र वस्तीजवळच्या भोंग्याने उसाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचे किंवा फडाकडेच्या कोपीत झोपलेल्या ऊसतोड कुटुंबाचे पुरेसे रक्षण होत नाही.

जुन्नर तालुक्यातच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना त्या परिसरात आकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात. त्यांना आजूबाजूच्या विद्युत गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून परिसरातल्या उद्योगांवर मर्यादा आहेत. पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावजवळून जाणारी आखणीही याच कारणाने अडली. रेल्वेची वाट पाहणाऱ्या लोकांची नाराजी समजण्यासारखी आहे, तरीही दुर्बीण जपलीच पाहिजे. पण आकाश ऐकण्यासाठी रेल्वेचा मार्ग बदलण्याचा विचार होऊ शकतो, तर शेतकऱ्याच्या जिवासाठी विजेची वेळ बदलणे अवघड का असावे?

साधने हाताशी आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे आणि तिचा हेतूच शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. सौरऊर्जा आणताना बिबट्याचा वावर असलेल्या भागातले फीडर सर्वांत आधी घ्यावेत. ठिबक बसले की दारं धरायला उसात शिरावे लागत नाही. म्हणून कारखान्यांनी नोंदीच्या उसाला ठिबकसाठी मदत द्यावी आणि तोडणीच्या टोळ्यांना बंद दाराचा निवारा द्यावा. आणि ज्या फीडरवर अजून रातपाळी आहे, त्यांची यादी व ती बंद होण्याची तारीख महावितरणने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.