सोसायटीचा हिशोब संगणकात; तुमची बाकी बरोबर चढली का?

गावची विकास सोसायटी संगणकावर जाणार, हे ऐकलंच असेल. केंद्राने २९ जून २०२२ रोजी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तेव्हा देशातल्या ६३ हजार सोसायट्या एकाच ईआरपी सॉफ्टवेअरवर आणायचं ठरलं. कर्ज, वसुली, शेअर्स, खतविक्री, सगळा हिशोब एका जागी. काम पाहते नाबार्ड. तिचं मुख्यालय मुंबई उपनगरात, वांद्रे-कुर्ला संकुलात.

तिथून सगळं सोपं दिसतं. इकडे संगणक नवा, पण त्यात भरायची वही जुनीच. एका गटसचिवाकडे अनेकदा दोन-तीन गावं. खाडाखोडीच्या, जिल्हा बँकेशी मेळ न बसणाऱ्या नोंदी त्यानेच निस्तरायच्या, आणि तोवर हाताची किर्दही सुटत नाही. काम दुप्पट, माणूस तोच. त्याच्यावर चिडून काय होणार?

फटका मात्र सभासदाला. भरलेला हप्ता चढलाच नाही, तर तुम्ही कागदोपत्री थकबाकीदार. मग पंजाबराव देशमुख योजनेतली व्याज सवलत अडते, नवं पीककर्जही. म्हणून पेटीतल्या जुन्या पावत्या काढा, सोसायटीत जाऊन संगणकातला खातेउतारा मागा आणि पेरणीची गडबड सुरू व्हायच्या आत आकडे ताडून पाहा.