लवंगेच्या तेलावर किती भार टाकणार?

माझ्याकडे मांसप्रक्रिया शिकलेली मुलं आता स्वतःची सॉसेज, सलामी करून विकतात. फोन आला की प्रश्न ठरलेला: सर, मांस टिकवणारं नायट्राइट काढून लवंगेचं किंवा ओव्याचं तेल घातलं तर चालेल? माझं म्हणणं असं की तेल जरूर घाला, पण त्याच्या भरवशावर नायट्राइट काढू नका.

नायट्राइटची धास्ती मी उडवून लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं, आणि त्यामागे नायट्राइटचाही हात आहे. युरोपने त्याची मर्यादा घटवली, पण शून्यावर आणली नाही. कारण हवाबंद पाकिटात वाढून बोटुलिझमचं जीवघेणं विष तयार करणारा जंतू नायट्राइट रोखून धरतं.

तेलांत दम नाही असं नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल जंतूंच्या पेशींचं आवरणच खिळखिळं करतं. प्रयोगशाळेतल्या बशीत तेलात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जंतू वाढतच नाहीत, लख्ख रिकामं कडं दिसतं. पण तेच तेल डुकराच्या खिम्यात मळलं की बरंचसं चरबीत मुरतं, काही प्रथिनांना चिकटतं. जंतू मात्र पाण्याच्या अंशात वाढत राहतात. म्हणून तेल वाढवावं, तर सॉसेज तव्यावर पडताच दातदुखीच्या औषधासारखा वास घरभर सुटतो. ते कोण खाणार?

गोव्याच्या चोरीस सॉसेजमध्ये लवंग-दालचिनी असतेच की, असं कुणी म्हणेल. असते, पण चोरीस टिकतं मुख्यतः मीठ, माडाचं व्हिनेगर, ऊन आणि धुरामुळे. आजच्या मऊ, रसरशीत, कमी मिठाच्या सॉसेजमध्ये यातलं उरतं काय?

तेलाचा खरा उपयोग चरबी खवट होऊ न देण्यात आहे. तिथे बीएचएसारख्या खवटपणा रोखणाऱ्या कृत्रिम द्रव्यांना ते खुशाल हटवू दे. जंतूंच्या बाबतीत ते थंडी आणि आंबटपणाच्या जोडीला हवं.

आणि ‘नैसर्गिक’ छापणाऱ्यांनी नीट छापावं. कृत्रिम नायट्राइटऐवजी घातलेल्या सेलेरीच्या भुकटीतून आलेलं नायट्राइटही नायट्राइटच. ते पाकिटावर ठळक लिहा. नायट्राइट खरोखरच काढलं असेल, तर मालात मुद्दाम जंतू सोडून तो किती दिवस सुरक्षित राहतो याची चाचणी झाल्याशिवाय अन्नसुरक्षा खात्याने त्याला विक्रीची परवानगी देऊ नये.